वार्धक्यातील व्यसन आणि आपली घरे

'व्यसन' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर बहुधा एखादा तरुण उभा राहतो. वाईट संगतीला लागलेला, शाळा सोडलेला, घरातून पैसे नेणारा. त्याच्याविषयी आपण चिंता करतो, व्याख्याने ठेवतो, मुलांना चार गोष्टी सांगतो. परंतु त्याच घराच्या ओसरीवर बसलेले पंचाहत्तर वर्षांचे आजोबा दिवसातून दहा वेळा चंची उघडतात, माजघरात आजी सकाळ-दुपार मशेरी लावते, सेवानिवृत्त काका सायंकाळ झाली की आपल्या खोलीचे दार लोटून घेतात. याला मात्र आपण व्यसन म्हणत नाही. 'त्यांची जुनी सवय आहे' असे म्हणून पुढे जातो. प्रस्तुत लेखात या 'सवयी'चाच विचार करावयाचा आहे. उतारवयात ती कशामुळे लागते किंवा वाढते, घर आणि समाज तिला कसे पोसतात, आणि ती सुटावी म्हणून आपल्याला काय करता येईल, हे क्रमाने पाहू.

हा विषय निवडण्याचे कारण घरचेच आहे. त्यात माझा दोष असल्यामुळे तो आधी सांगून टाकणे बरे.

सहा वर्षांपूर्वी आमचे आजोबा वारले. रात्री देवळाचे दार बंद करून ते घरी येत, जेवण होई, आणि मग ते आजीला वर्तमानपत्र वाचून दाखवीत. आजीची दृष्टी अधू आहे. तासभर हा क्रम चाले. आजोबा गेले आणि आजीची झोप उडाली. डॉक्टरांनी पंधरा दिवसांकरिता झोपेची अर्धी गोळी लिहून दिली. ते पंधरा दिवस केव्हाच सरले. गोळी मात्र चार वर्षे चालू राहिली, आणि अर्धीची एक झाली. जुनी चिठ्ठी खिशात घालून दुकानातून गोळ्या आणून देणारा मीच होतो. "बाळ, संपत आल्यात हं," असे आजीने म्हणावे आणि मी निघावे. यात काही वावगे आहे असे मला एकदाही वाटले नाही. उलट आपल्या हातून आजीची सेवा घडते, असेच वाटे.

पुढे एका पहाटे ती न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडली आणि तिच्या मनगटाचे हाड मोडले. डॉक्टरांनी तिची सगळी औषधे मागवून पाहिली आणि विचारले, "ही गोळी कोण आणून देतो?" त्या प्रश्नाला उत्तर देताना मान खाली गेली. तेव्हापासून या विषयावर जे वाचले, जाणत्यांकडून जे समजून घेतले, ते येथे मांडीत आहे.

१. प्रश्न केवढा आहे?

सन २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात साठ वर्षांवरील माणसांची संख्या १० कोटींहून अधिक, म्हणजे शेकडा ८.६ होती. त्यानंतर ती वाढतच गेली आहे. २०१६-१७ मध्ये तंबाखूविषयी जी देशव्यापी पाहणी झाली, तीत पंधरा वर्षांवरील दर शंभर माणसांत सुमारे २९ जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणारे आढळले. त्यांतही ओढणाऱ्यांपेक्षा चघळणारे, दातांना लावणारे आणि हुंगणारे अधिक. मद्य, अफू, झोपेच्या गोळ्या इत्यादींची पाहणी केंद्र सरकारने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करविली आणि तिचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मद्य घेणाऱ्यांचे प्रमाण शेकडा १४.६ आणि वैद्यकीय कारणावाचून झोपेची व गुंगीची औषधे घेणाऱ्यांचे प्रमाण शेकडा सुमारे १ आढळले.

मात्र ही दुसरी पाहणी दहा ते पंचाहत्तर वर्षे वयाच्या माणसांपुरती होती. पंचाहत्तरी ओलांडलेली माणसे तीत मोजलीच गेली नाहीत. घरात जसे आपण वृद्धाच्या सवयीकडे पाहत नाही, तसेच मोठ्या मोजदादीतही तो बाहेर राहतो.

२. मात्रा तीच, शरीर वेगळे

'चाळीस वर्षे घेत आहेत, आताच काय होणार?' असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. याचे उत्तर असे की, घेण्याची मात्रा तीच असली तरी घेणारे शरीर तेच राहिलेले नसते. वयाबरोबर शरीरातील पाण्याचा अंश कमी होतो आणि चरबीचा वाढतो. यकृत व मूत्रपिंडे यांचे काम मंदावते. म्हणून तेवढेच मद्य साठीनंतर रक्तात अधिक तीव्र होते. डायझेपाम या झोपेच्या औषधाचे उदाहरण बोलके आहे. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले की, विशीतल्या माणसाच्या शरीरातून या औषधाचा निम्मा भाग बाहेर पडण्यास सुमारे २० तास लागतात, आणि ऐंशीच्या माणसाच्या बाबतीत सुमारे ९० तास. म्हणजे आजची गोळी पुरती ओसरण्यापूर्वीच उद्याची आणि परवाची तीत मिसळते.

याचे परिणाम काय? तोल जाणे, पडणे, विसराळूपणा, दिवसा पेंग, बोलण्यात गोंधळ, अन्नावरची वासना उडणे. ही सारी लक्षणे आपण सहजच 'वय झाले' या सदरात घालतो. तरुण माणूस अडखळू लागला तर आपण त्याच्या तोंडाचा वास घेतो. वृद्ध अडखळला तर त्याला काठी आणून देतो.

३. सामाजिक कारणे

आता मूळ विषयाकडे येऊ. उतारवयातील व्यसनी माणसांचे अभ्यासक सामान्यतः दोन वर्ग करतात. एक, तारुण्यापासून व्यसन बरोबर घेऊन आलेल्यांचा. आणि दुसरा, साठीच्या आसपास किंवा नंतर, आयुष्यातील एखाद्या मोठ्या फेरबदलानंतर त्याकडे वळलेल्यांचा. दुसऱ्या वर्गातील माणसे वाईट संगतीला लागलेली नसतात. बहुधा त्यांची संगत सुटलेली असते. ही कारणे आपण एकेक करून पाहू.

पहिले कारण, काम सुटणे. पस्तीस वर्षे कचेरीत, गिरणीत किंवा शाळेत गेलेला मनुष्य एके दिवशी श्रीफळ व शाल घेऊन घरी येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता कोणी त्याची वाट पाहत नाही. आमच्या इंदुरात कापडगिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा अनेकांवर हा दिवस साठीच्याही पूर्वीच आला. पगार थांबतो एवढेच नव्हे, तर माणसाला ज्या नावाने हाक मारीत ते नावही थांबते. हात रिकामा राहतो, आणि रिकाम्या हाताला चुन्याची डबी फार लवकर सापडते.

दुसरे कारण, वियोग आणि एकान्त. पती किंवा पत्नी जाते, समवयस्क मित्र एकेक करून कमी होतात, मुले पुण्याला, बंगळूरला अथवा परदेशी असतात. भरल्या घरातही एकान्त असतोच. आमच्या आजीचा तसा होता. जेवणे झाल्यावर जो तो आपापल्या खोलीत, आपापल्या मोबाइलपाशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ च्या अहवालात जगातील सहांपैकी एका माणसाला एकटेपणा जाणवतो असे नमूद केले आहे, आणि एकटेपणा हा आरोग्याचाच प्रश्न मानला आहे. रात्रीचे ते रिकामे तास गोळीने किंवा पेल्याने कापले जातात.

तिसरे कारण, रूढी आणि पाहुणचार. एकटेपणा जसा व्यसनाकडे नेतो तशीच कधी कधी संगतही नेते. आपला मालवा अफूचा प्रदेश. एकोणिसाव्या शतकात येथील अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. आजही नीमच आणि मंदसौर या जिल्ह्यांत सरकारी परवान्याने खसखशीची शेती होते, नीमचला सरकारी अफूचा कारखाना आहे आणि या खात्याची मुख्य कचेरी ग्वाल्हेरास आहे. या भागात आणि शेजारच्या राजस्थानात मयताच्या बैठकीत किंवा लग्नसमारंभात वडीलधाऱ्यांपुढे अफू ठेवणे हा आदरसत्कार समजला जाई. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने अशा सेवनाला बंदी असूनही काही ठिकाणी ही चाल सुटलेली नाही. तेथे 'नको' म्हणणे म्हणजे यजमानाचा अपमान. पण आपण त्यांना नावे ठेवण्यापूर्वी आपल्या ओसरीकडे पाहावे. आलेल्या वृद्धापुढे पानपुडा सरकविणे, 'घ्या हो, चिमूटभर' म्हणून तपकिरीची डबी उघडणे, यातही तेच आहे. माणसे त्या डबीभोवती जमतात. डबी सोडायची म्हणजे त्या माणसांनाही सोडायचे, अशी भीती वृद्धाच्या मनात असते, आणि ती खोटी नसते.

चौथे कारण, स्त्रियांच्या बाबतीतील आडपडदा. मशेरी म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूच होय. तथापि 'मी तंबाखू खात नाही, दात घासते' असे सांगणारी आजी खोटे बोलत नसते. तिला लहानपणी तसेच सांगितलेले असते. ज्या स्त्रीला उघडपणे विडी अथवा मद्य घेणे कुलाला बट्टा लावणारे, तिला दातांचे औषध आणि झोपेचे औषध एवढ्या दोनच वाटा समाजाने मोकळ्या ठेवल्या. त्या वाटांवर कोणी तिला अडवीत नाही, म्हणून कोणी तिला परतही आणीत नाही.

पाचवे कारण, घराची मूक संमती. मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच. वृद्ध माणूस पुष्कळदा स्वतः बाजारात जात नाही. मग त्याच्या चंचीतील तंबाखू, कपाटातील बाटली, उशाखालची गोळी कोण आणतो? मुलगा आणतो, नातू आणतो, गडी आणतो. का आणतो? कधी प्रेमाने, कधी कटकट नको म्हणून, आणि कधी ज्याचा उच्चार आपण करीत नाही त्या विचाराने: 'आता राहिले किती दिवस? घेऊ द्या.' हे वाक्य दयेचे वाटते, पण त्याचा अर्थ असा की, या माणसाच्या सुधारण्यावर आपण विश्वास ठेवणे सोडले आहे. गोळी घेऊन आजी रात्री स्वस्थ झोपे, त्यात तिच्याइतकीच आमचीही सोय होती. तिला रात्री कोणाशी बोलावयाचे आहे, हा प्रश्न मग आमच्यापुढे उभाच राहिला नाही.

डॉक्टर व औषधाचे दुकानदार यांचाही यात वाटा असतो. झोपेच्या कित्येक गोळ्या १ मार्च २०१४ पासून अशा वर्गात घातल्या आहेत की, त्यांची विक्री चिठ्ठीवाचून करता येत नाही, आणि दुकानदाराला प्रत्येक विक्रीची वेगळ्या वहीत नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते. परंतु ओळखीच्या दुकानात ओळखीचा मुलगा जुनी चिठ्ठी घेऊन आला की नियम मागे पडतो. नियम मोडणारा दुकानदार एकटा नसतो, हे मी स्वानुभवाने सांगतो.

४. 'आता सोडून काय उपयोग?'

या प्रश्नाला एक भक्कम उत्तर आहे. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून चौतीस हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांच्या धूम्रपानाच्या सवयी आणि आयुर्मान यांची नोंद ठेवली, आणि पन्नास वर्षांचा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध केला. साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यांचे आयुष्य, न सोडणाऱ्यांपेक्षा सरासरीने सुमारे तीन वर्षांनी अधिक असते, असे त्यात आढळले. पन्नासाव्या वर्षी सोडल्यास सहा वर्षांनी. तेव्हा 'उशीर झाला' हे म्हणणे साठीलाही खरे नाही.

मद्याविषयी दुसरे उदाहरण पाहावे. 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही मद्यमुक्तांची संघटना १९३५ मध्ये अमेरिकेतील अक्रन या गावी दोघांच्या भेटीतून निघाली. त्यांपैकी डॉ. बॉब स्मिथ तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. त्यांनी १९३५ मध्ये मद्य सोडले ते १९५० मध्ये मृत्यू येईपर्यंत. या संघटनेचे मुख्य साधन म्हणजे एकमेकांना नियमाने भेटणे आणि बोलणे. पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या 'मुक्तांगण'मध्येही उपचारात कुटुंबाला सामील करून घेतात. ज्या कारणांनी व्यसन लागते त्यांत संगतीचा अभाव हे एक कारण असेल, तर उपायातही संगत असणे स्वाभाविकच आहे.

५. आपले कर्तव्य

पहिली गोष्ट, एकाएकी काहीही हिसकावून घेऊ नये. पुष्कळ वर्षांचे मद्य किंवा झोपेची गोळी अचानक बंद केल्यास भ्रम होणे, झटके येणे असे प्राणावर बेतणारे प्रकार घडतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरवावी लागते. रागाच्या भरात बाटली मोरीत ओतणारा मुलगा वडिलांचे हित करीत नाही.

दुसरी, वर्षातून दोनदा तरी घरातील वडीलधाऱ्यांची सर्व औषधे एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवावीत, आणि त्यांत तंबाखू, मशेरी, मद्य यांचाही उल्लेख न लाजता करावा. प्रत्येक गोळीविषयी 'ही किती दिवस घ्यावयाची?' हा एक प्रश्न अवश्य विचारावा.

तिसरी, वृद्धाशी बोलताना मान राखावा. चारचौघांत, सुना-नातवंडांपुढे त्यांचे व्यसन काढू नये. ज्यांनी आपल्याला वाढविले त्यांना आरोपीप्रमाणे उभे केल्यास ते लपवू लागतील, आणि लपविलेले व्यसन अधिक घातक असते.

चौथी आणि मुख्य, हातातील वस्तू काढून घेण्यापूर्वी त्या हाताला काही काम द्यावे. ते खरे काम असावे. मन रमवायचे म्हणून दिलेले खोटे काम वृद्धांना तत्काळ ओळखू येते. सेवानिवृत्त लेखनिकाला संस्थेचे हिशेब तपासावयास द्यावेत, शिक्षकाला वस्तीतील मुलांची शिकवणी, गिरणीतल्या जोडाऱ्याला देवळाच्या नळांची व विजेच्या तारांची देखरेख. आपल्या सभासदांतच अशी किती माणसे आहेत!

पाचवी, बाहेरचे साहाय्य घेण्यास संकोच करू नये. व्यसनमुक्तीसाठी १४४४६, तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६, मनाच्या अस्वास्थ्यासाठी १४४१६ आणि ज्येष्ठ नागरिकांच्या अडचणींसाठी १४५६७ हे सरकारी दूरध्वनी क्रमांक आहेत. यांपैकी निदान एक तरी घरातील भिंतीवर लिहून ठेवावा.

६. शेवटी

आजीची गोळी डॉक्टरांनी एकदम तोडली नाही. पाऊण, अर्धी, पाव, दिवसाआड, असे करीत ती बंद होण्यास पाच महिने लागले. पहिले काही आठवडे वाईट गेले. रात्री दोन वाजता ती घरातून फिरे, माझ्यावर चिडे, "तुझ्या आजोबांनी मला असे छळले नसते" असेही एकदा म्हणाली. त्या रात्री मला वर्तमानपत्राची आठवण झाली. दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर मी तिच्या खाटेशी बसून वाचू लागलो. प्रथम तिला माझे वाचन पटेना. आजोबा निधनवार्तांपासून सुरुवात करीत आणि मी पहिल्या पानापासून. आता मीही निधनवार्तांपासून सुरुवात करतो. ओळखीचे नाव आले की ती त्या घराची तीन पिढ्यांची हकीकत सांगते आणि मध्येच तिचा डोळा लागतो. काही रात्री लागत नाही. तेव्हा आम्ही शेतमालाचे भावही वाचतो.

तिची तपकीर मात्र सुटलेली नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दिवसाच्या चिमटी कमी झाल्या आहेत, एवढेच. ती डबी आजोबांची आहे, आणि त्या डबीशी एकदम झगडण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही. परंतु ती आता मी भरून आणीत नाही. तिला हवी असेल तेव्हा आम्ही दोघे चालत दुकानापर्यंत जातो. त्या निमित्ताने तिचे चालणे होते, आणि दर वेळी त्या विषयावर दोन शब्द बोलणेही होते.

सुज्ञ वाचकांस विनंती की, आपापल्या घरी पुढील प्रश्नांचा शांतपणे विचार करावा.

(१) आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसांना रोज काय लागते, आणि ते त्यांना कोण आणून देतो?
(२) ती वस्तू त्यांना कधीपासून लागू लागली? त्या सुमारास त्यांच्या आयुष्यातून काय निघून गेले होते?
(३) रात्री जेवणानंतर ते कोणाशी बोलतात?
(४) घरात किंवा संस्थेत असे कोणते काम आहे, जे त्यांच्यावाचून खरोखर अडेल?

यांतील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या घराला सापडेल, त्या घराला उपायाची दिशाही सापडेल, असा माझा अनुभव आहे.